पगाराच्या बँकेचेच क्रेडिट कार्ड घ्यावे का?

आज मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी शाखेत गेले असता, माझे पगाराचे खाते पाहून अधिकारी बाईंनी क्रेडिट कार्डाचा अर्ज पुढे केला. कागदपत्रे फारशी लागणार नाहीत आणि बिल खात्यातून आपोआप भरले जाईल, ही सोय खरोखरच मोठी आहे, कारण थकलेल्या रकमेवर अनेक कार्डे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. तरीही अर्ज घरी आणून मी अटी नीट वाचल्या. थकबाकी राहिल्यास ती त्याच बँकेतील खात्यातून किंवा ठेवीतून वळती करून घेण्याचा हक्क बँकेने राखून ठेवला आहे. बँकांच्या सर्वसाधारण धारणाधिकाराला (येणे फिटेपर्यंत ग्राहकाची मालमत्ता आपल्याकडे ठेवून घेण्याच्या हक्काला) भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ चा आधारही आहेच. उद्या एखाद्या व्यवहाराबद्दल वाद उद्भवला, तर वादातले बिल आणि घरखर्चाचा पैसा दोन्ही एकाच बँकेच्या हाती असणे मला धोक्याचे वाटते. म्हणून मी कार्ड दुसऱ्या बँकेचे घेईन आणि पूर्ण बिल आपोआप भरण्याची सूचना देईन (फक्त किमान रकमेची सूचना कधीही देऊ नये, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते). ज्यांच्याकडे नियमित पगाराचा पुरावा नाही, त्यांच्यासाठी मात्र आपल्याच बँकेतील मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे.