गाडी बुडाली नाही, मग इंजिनात पाणी गेलं कुठून?

पावसाळ्यात पाण्यात सापडलेल्या गाड्या आमच्या धायरीतल्या गॅरेजला दरवर्षी येतात. दार उघडलं की कुबट वास, भिजलेलं कारपेट, सीटखाली चिखल. ही पेट्रोल सेडान टोचन करून आली तेव्हा मात्र आत सगळं कोरडं होतं. कारपेटवर हात फिरवून पाहिला, ओल नव्हती. दारावरही पाण्याची रेघ उमटलेली नव्हती. तरी सेल्फ मारला की ‘टक्’ एवढाच आवाज यायचा आणि इंजिन जागचं हलायचं नाही.

गाडी चालवत होता विशीतला पोरगा, कागदोपत्री ती त्याच्या वडिलांची. बायपासच्या सर्व्हिस रोडला भुयारी मार्गात पाणी साठलं होतं, पुढची गाडी गेली म्हणून हाही गेला. “काका, पाणी अर्ध्या चाकालाही नव्हतं हो,” तो म्हणाला. वडील शेजारी छत्री मिटून उभे होते. त्यांनी एकच विचारलं, “गाडी बुडाली नाही, मग इंजिनात पाणी गेलं कुठून?”

बॉनेट उघडलं आणि उत्तर समोर आलं. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा जागेवर नव्हता. त्याऐवजी बाहेरची गार हवा ओढायला लावतात ते बाजारातलं इनटेक किट होतं, म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप बॅटरीच्या बाजूने खाली उतरून बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे गेला होता. त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, जमिनीपासून जेमतेम दीड वीत. नुसता गारवा बघितला तर ती जागा चांगलीच, इंजिनची धग तिथे पोचत नाही. पण गाडी पाण्यात शिरली की बंपरपुढे लाट उठते, चाकाचा फवारा आतून येतो आणि अर्ध्या चाकाखालचं पाणी फिल्टरपर्यंत सहज चढतं. फिल्टर भिजला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. ओढण्याची ताकदही थोडी नसते. १.६ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिनिटाला सुमारे २४०० लिटर हवा घेतं.

मी वडिलांना हिशोब सांगितला. एका सिलिंडरची जागा ४०० सीसी. पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरते ती साधारण ४२ सीसी, म्हणजे अर्धा कटिंग चहा. तेवढ्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग जे कमजोर असेल ते वाकतं, आणि बहुतेक वेळा तो कनेक्टिंग रॉड असतो.

टोचनवाला म्हणाला, “प्लग काढा, पाणी उडवा, तेल बदला, होईल चालू.” चारही प्लग काढले आणि पुलीला पान्हा लावून हाताने फिरवलं. तिसऱ्या प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडून बॉनेटच्या आतल्या बाजूला लागली. इंजिन आता मोकळं फिरत होतं आणि पोराचा चेहरा उजळला. पण इथेच थांबायचं असतं. दुसरा आणि तिसरा पिस्टन एकदमच वर येतात. दोन्ही भोकांतून बारीक सळई सोडून मी उंची मोजली. तिसरा पिस्टन दोन मिलिमीटर खाली राहत होता. रॉड वाकलेला. अशी गाडी चालू होतेही, थोडीशी थरथरते, लोक चालवतातही. मग एखाद्या दिवशी तो रॉड घाटात तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मी चालू करायला नकार दिला.

हेड उतरवलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं. रॉडचा बाक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. वडिलांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि पोराला एक शब्द बोलले नाहीत. विम्याचंही अवघड होतं. इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर पाणी ओढून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, आणि त्यात न कळवलेला फेरबदल.

स्कॅनर लावल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. पी०१७१ हा कोड आधीपासून साठलेला होता, म्हणजे पाणी जायच्या आधीपासूनच इंजिन पेट्रोल कमी, हवा जास्त अशा मिश्रणावर चालत होतं. पाइपचा व्यास मोजला तेव्हा कारण कळलं. मूळ पाइप ६३ मिलिमीटरचा, किटचा ७६ चा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेने त्याची तापलेली तार किती गार होते यावरून अंदाज घेतो. पाइप रुंद केला की तेवढीच हवा सावकाश जाते, सेन्सरला ती कमी वाटते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी सोडतो. भरीला फिल्टरला धूळ धरायचं तेल सढळ हाताने चोळलेलं होतं. त्याचा चिकट थर त्या तारेवर बसला होता. पोरगा म्हणत होता की किट लावल्यापासून ओढ वाढली. वाढला होता तो आवाज.

रॉड, बेअरिंग, गॅस्केट नाना पेठेतून आणलं, ब्लॉक मशीनिंगवाल्याकडून तपासून घेतला आणि इंजिन परत बसवलं. तेव्हा पोराने हळूच विचारलं, “काका, मग छोट्या पाइपचा उघडा फिल्टर लावू या का? तो बॉनेटच्या आतच राहतो, पाण्याचा प्रश्नच नाही.” वडील म्हणाले, “आता काही नको. कंपनीचं आहे ते लावा.” मला पोराचा राग आला नाही. गाडीवर जीव असलेलं पोर होतं ते, फक्त कुणी त्याला मोजून दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, छोटा आणि कंपनीचा, दोन्ही लावून बघू.

मूळ डबा त्यांच्या माळ्यावर जपून ठेवलेला होता, हे नशीब. आधी एक उघडा छोटा फिल्टर तात्पुरता बसवला, आत जाणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर लावलं आणि नवले पुलाच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो. बाहेर २७ अंश. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि आकडा चढत ६१ वर गेला. मग गॅरेजला येऊन मूळ डबा लावला, त्याच गर्दीत परत गेलो. ४१. गाडी सुटी झाली, कात्रजचा नवा बोगदा जवळ येईपर्यंत ३१. तापमान तीन अंशांनी वाढलं की हवा साधारण एक टक्का पातळ होते. त्याच गर्दीतल्या ४१ आणि ६१ मधला फरक म्हणजे साधारण सहा टक्के हवा कमी. पुणं ५६० मीटर उंचीवर, मुंबईपेक्षा इथल्या हवेचा दाब आधीच सहा टक्क्यांच्या आसपास कमी. त्यात आणखी सहा घालवायचे, वर हवा तापली म्हणून ईसीयू प्लगची ठिणगी उशिरा टाकणार, म्हणजे ताकद आणखी कमी. पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, “म्हणजे गार हवा कंपनीनेच दिली होती.”

दिलीच होती. डब्याचं तोंड ग्रिलच्या वरच्या पट्टीमागे, हेडलाइटच्या उंचीला होतं. पोराचा हिरमोड नको म्हणून आणि कामही नेटकं व्हावं म्हणून मी त्या डब्यातच थोडी सुधारणा केली. मूळ मापाचा, तेल न लागणारा कोरडा सिंथेटिक फिल्टर घातला. रस्त्याची कामं आणि उन्हाळ्यातली धूळ बघता बारीक धूळ अडवणं मला जास्त मोलाचं वाटतं. तोंड आणि ग्रिल यांच्यामधली फट फोमच्या पट्टीने बंद केली, म्हणजे रेडिएटरची गरम हवा वळून आत येत नाही. सेन्सर नवा, त्याच्यावरच्या बाणाची दिशा इंजिनकडे. डब्याचे झिजलेले रबर बुश बदलले, कारण इंजिन हलतं आणि कडक बसवलेला पाइप तडकतो. इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात नेणारी ब्रीदरची नळी जोडली, क्लॅम्प बेताने आवळले आणि शेवटी गळती बघायला आत धूर सोडला. तो कुठूनही बाहेर आला नाही.

वडिलांनी स्वतः खेड शिवापूरपर्यंत चालवली. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूला पेट्रोलमध्ये करावी लागणारी कमी-जास्त, दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिला, चेक इंजिनचा दिवा लागला नाही. ते फार बोलणारे नाहीत. उतरल्यावर बॉनेट परत उघडायला लावलं आणि म्हणाले, “तोंड कुठे आहे ते मला दाखवा.”

पोरगा मित्रांच्या गाड्या घेऊन येतो आता, पावसाळ्याच्या आधी. मी बंपरचं अस्तर काढतो, टेपने फिल्टरची जमिनीपासूनची उंची मोजतो आणि आकडा ज्याची गाडी त्यालाच वाचायला लावतो. काहीजण बायपास व्हॉल्व्ह विचारतात, म्हणजे फिल्टर बुडाला तर पाइपात वरून हवा घेणारी झडप. तो काही वेळा वाचवतो, पण टर्बोच्या गाडीला चालत नाही. फिल्टरवर घालायचं पाणी न शोषणारं कापडी कव्हर शिंतोडे अडवतं, पण फिल्टर बुडाला तर ते वाचवत नाही. बहुतेकांचा पाइप आम्ही वर घेतो. दोघांनी ऐकलं नाही. त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलंय की गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ परत मारायचा नाही, आधी मला फोन करायचा.