काचेआडचे ऊन

आषाढातल्या एका संध्याकाळी फोंड्यातील माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक गृहस्थ आणि त्यांचा शाळकरी मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यातून नारिंगी अंगाचा, काटेरी दाढीचा सरडा घेऊन आले. हा बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या मुलखाचा प्राणी. बोटाने किंचित दाबताच त्याचा खालचा जबडा रबरासारखा वाकला, पायांची बोटे थरथरत होती आणि एक्स-रेमध्ये हाडे मांसापासून जेमतेम वेगळी दिसत होती. कॅल्शियमअभावी हाडे मऊ पडली होती.

"टाकी खिडकीतच असते, डॉक्टर. ऊन चांगलं लागतं," वडील म्हणाले. परंतु ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी कातडीला उन्हातले जे यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात, ते खिडकीची काच अडवते आणि विक्रेत्याने दिलेला दिवा तर साधा एलईडी होता. खऱ्या यूव्हीबी दिव्याचेही किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून तो नीट उजेड देत असतानाच बदलावा लागतो. एवढी साधी गोष्ट भरमसाट पैसे घेणाऱ्या विक्रेत्याने सांगू नये, याची मला मनस्वी चीड आली.

मुलाला मात्र या सरड्याच्या ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाची खडान्‌खडा माहिती होती. त्यांचे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, फोंड्याजवळच्या सावईवेऱ्याला आहे हे कळल्यावर मी उडत्या सरड्याविषयी विचारले. माझे बालपण तिथल्याच पोफळींखाली गेले. सालीच्या रंगात मिसळून गेलेला नर अचानक गळ्याखालचा पिवळाधमक पडदा उघडी, मुंग्या टिपत खोडावर चढे आणि लांब बरगड्यांवरची कातडी पसरून पलीकडच्या पोफळीवर अलगद उतरे. तो या पाहुण्याच्याच अ‍ॅगॅमिडी कुळातला.

"आजी मला कुळागरात सोडत नाही, साप असतात म्हणून," मुलगा म्हणाला. वडील काहीच बोलले नाहीत. सापाच्या भीतीने मुलांना घरात कोंडणारी अशी घरे आता गावोगावी आहेत आणि मला ते फार लागते.

कॅल्शियमचे औषध थेंबाथेंबाने पाजून आणि योग्य दिवा लावून जबडा हळूहळू घट्ट झाला. शेपटीचा बाक कायम राहील. बरा झाल्यावर त्याला कुळागरात सोडू का, असे मुलाने विचारले, तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. परका प्राणी इथल्या रानात सोडायचा नसतो आणि आमच्या पावसाळ्यातली दमट हवा त्यालाही सोसणार नाही. नीट सांभाळला तर तो दहा वर्षेही जगेल, पण दर पावसाळा त्या दिव्याखालच्या पेटीतच काढेल. हे त्या मुलाला कसे सांगावे, ते मला अजून सुचलेले नाही.