टाकीत मँटिस सापडला, पण मासे त्याने खाल्ले नव्हते

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमधली समुद्री टाकी माझ्याकडे देखभालीला आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, १२ मिलिमीटरची काच, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). त्या घरात गेले काही महिने दोन तक्रारी चालू होत्या आणि त्या एकाच गोष्टीबद्दल आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एक तक्रार माझ्याकडे होती : मासे कमी होतायत, गोगलगायी टिकत नाहीत. दुसरी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती : वरच्या फ्लॅटमधली माणसं रात्री काहीतरी ठोकतात.

दुसरी तक्रार आजींची. त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, टाकीपासून हातभर अंतरावर. रात्री दोन-अडीचला टक, थोडं थांबून पुन्हा टक. टाकीचे मालक काकांनी वर जाऊन सांगितलं, मग लेखी कळवलं. वरच्यांनी बिचाऱ्यांनी टेबल-खुर्च्यांच्या पायांना रबर लावले, मुलाचे चेंडू कपाटात टाकले. आवाज थांबला नाही. मग घरात असं ठरलं की आजींना वयामुळे भास होतात. हे मला आजींनी स्वतः सांगितलं, मी पाणी बदलत असताना. “पोरी, मला ऐकायला कमी येत नाही, जास्त येतं,” म्हणाल्या. आवाज कसा, तर अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मी हातातला पाइप बाजूला ठेवला आणि त्यांच्याशेजारी बसले.

लोकांना वाटतं माझं काम माशांचं आहे. माझं काम पाण्याचं आहे. आरओ-डीआयमधून टीडीएस शून्य करून घेतलेलं पाणी, त्यात मीठ, रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा ३५ पीपीटी, मग केएच (पाण्याची क्षारीयता), कॅल्शियम, नायट्रेट. मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला की बाकी सगळं सोडून तिकडे धावायचं. टाकीसमोर नुसतं बसून बघायला वेळ मिळत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. पण अशी प्रकरणं बसून बघितल्याशिवाय सुटत नाहीत.

समुद्री टाकीत रात्री ‘टक’ करणारे दोघेच. एक पिस्तूल कोळंबी : तिचा मोठा नांगा इतक्या जोरात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना आवाज येतो. दुसरा मँटिस श्रिम्प, म्हणजे स्टोमॅटोपॉड, भोकात राहणारा कवचधारी शिकारी. नावात श्रिम्प असलं तरी ती कोळंबी नव्हे, त्यांचा गणच वेगळा. नुसत्या आवाजावरून या दोघांत फरक करता येतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. फरक करायचा तो कचऱ्यावरून.

मी सायफनने वाळू उपसत होते तेव्हा डाव्या कोपऱ्यातल्या दगडाखाली शंखांचे तुकडे निघाले. टर्बो गोगलगायीचे, आतून मोत्यासारखे चकाकणारे, कडा ताज्या आणि धारदार. गोगलगाय आजारी पडून मेली तर शंख अख्खा राहतो. हर्मिट खेकड्याने खाल्ली तरी शंख अख्खाच राहतो, कारण त्याला तो घर म्हणून हवा असतो. पिस्तूल कोळंबी शंख फोडत बसत नाही. तुकडे म्हणजे कुणीतरी शंखाच्या ओठावर आणि शेंड्यावर एकाच जागी पुन्हापुन्हा ठोके दिलेत. आणि ते तुकडे विखुरलेले नव्हते, एका गोल भोकाच्या तोंडाशी ढीग होऊन पडले होते. जेवण झालं की टरफलं दारात लोटायची, ही स्मॅशर, म्हणजे हातोडा मारणाऱ्या, मँटिसची सवय.

स्टोमॅटोपॉडमध्ये ढोबळ दोन प्रकार : भाला मारणारे आणि हातोडा मारणारे. आपल्या कोकण किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यात ढिगाने येतो तो भालेवाला, चिखलात राहणारा. प्रवाळाच्या दगडात राहतो तो हातोडेवाला. या हातोड्याचं मोजमाप कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. मोर-मँटिस या हातोडेवाल्या जातीचा ठोका सेकंदाला २३ मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, तोही पाण्यात आणि उभ्या जागेवरून. स्नायूंच्या नुसत्या ताकदीवर हे होत नाही. हाताच्या मुळाशी खोगिराच्या आकाराची स्प्रिंग असते, ती आधी ताणून अडकवून ठेवायची आणि मग सोडायची. ठोका बसतो तेव्हा मधल्या पाण्यात पोकळी तयार होते, ती मिटताना शिकारीला दुसरा धक्का बसतो. एका ठोक्याचे असे दोन मार. आजी जे ऐकत होत्या ते हे.

त्या रात्री मी परवानगी काढून तिथेच थांबले. टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने भोकात दोन डोळे आले. देठावरचे, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे, प्रत्येकावर मधोमध पट्टा. सगळे सांगतात लाल टॉर्च वापरा, त्याला लाल दिसत नाही. हे खरं नाही. या प्राण्याची नजर अतिनील किरणांपासून गडद लाल रंगापर्यंत जाते, रंग टिपणाऱ्या पेशींचेच बारा प्रकार असतात. लाल टॉर्च लावली की तो आत जातो. मी शेजारच्या खोलीतला दिवा लावून दार किलकिलं ठेवलं, तेवढं पुरलं. तो बाहेर आला : दोन इंचांचा, गडद हिरवा. शेजारच्या हर्मिटला दम द्यायला त्याने हात पसरले तेव्हा आतल्या बाजूचा जांभळा ठिपका दिसला. गोनोडॅक्टायलस स्मिथी, हातोडेवाल्यांतलीच एक जात. तो कुठून आला असेल हा प्रश्न मला पडला नाही. आधीच्या माणसाने टाकी उभी करताना घातलेल्या लाइव्ह रॉकमधूनच, म्हणजे समुद्रातून जीवांसकट उचललेल्या दगडांतूनच. पिल्लू असताना दगडाच्या फटीत आला आणि अख्खं आयुष्य या हॉलमध्ये काढलं.

सकाळी काकांना मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. आजींनी तो तीनदा पाहिला आणि एकच म्हणाल्या, “मी सांगत नव्हते?” घरातल्या वहिनी संध्याकाळी वर जाऊन त्या लोकांची माफी मागून आल्या. काका गेले नाहीत. ते वेगळ्याच आनंदात होते : खुनी सापडला होता.

इथून पुढचं माझ्या मनातून जात नाही.

काकांच्या हिशेबात त्या दोन इंचाच्या प्राण्यावर सगळी टाकी लिहिली गेली. गोगलगायी, हर्मिट, क्लीनर श्रिम्प, तीन क्रोमिस आणि एक फायरफिश. गोगलगायी आणि हर्मिट त्याचेच, तुकडे समोर होते. क्लीनर श्रिम्पही बहुधा त्यानेच मारली. पण मासे? हा आकार, हा हातोडा कवचासाठी आहे. कोपऱ्यात झोपलेला मासा त्याने कधी मारणारच नाही असं नाही, पण पाण्यात मधोमध पोहणाऱ्या क्रोमिसच्या मागे तो धावत नाही. हिरवे क्रोमिस टाकीत घोळक्याने सोडले की त्यांच्यात उतरंड लागते, सगळ्यात खालचा उपाशी राहतो, मार खातो, आजारी पडतो, मग त्याच्या वरच्याची पाळी. सहाचे चार, चाराचे दोन हे या माशाच्या बाबतीत मी इतक्या घरांत बघितलंय की घोळका मागणाऱ्याला मी आधीच सांगते. काकांनाही सांगितलं होतं. आणि फायरफिश उडी मारतो. घाबरला की सरळ वर. काकांनी दिव्याची झळाळी नीट दिसावी म्हणून टाकीवरचं जाळीचं झाकण काढून ठेवलं होतं. संप ओढला तेव्हा स्टँडच्या मागे, भिंतीला चिकटून, वाळलेला फायरफिश मिळाला. मी तो कागदावर घेऊन त्यांच्यासमोर ठेवला. “तरी पण त्यालाच घाबरून उडाला असेल,” काका म्हणाले.

त्याहून वाईट म्हणजे मी त्याला काढायला पोचायच्या आधी एका दुकानदाराने त्यांना फोनवर उपाय सांगून ठेवला होता : भोकात सिरिंजने उकळतं पाणी सोडा, आत मरेल. गॅसवर भांडं चढलेलं होतं. हे लिहिताना अजून हात थरथरतो, कारण त्या दगडावर पॅलिथोआची, म्हणजे बटणांसारख्या दिसणाऱ्या एका मऊ कोरलची, मोठी वसाहत होती. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. असले दगड उकळल्याने किंवा त्यांच्यावर उकळतं पाणी ओतल्याने वाफेतून ते विष श्वासात जाऊन अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या नोंदी आहेत. बंद खिडक्यांचा एसी हॉल आणि तिथे झोपणाऱ्या आजी. मी गॅस बंद केला आणि पहिल्यांदाच एका ग्राहकाच्या घरात आवाज चढवला. दुकानातून कोरल विकताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, एवढं दोन वाक्यांचं सांगणं कुणी करत नाही. मीठ-औषधांच्या बाटल्या मात्र चार विकतात.

काढायची पद्धत साधी आहे, घाई नको एवढंच. हातमोजे आणि चष्मा घालून दगड उचलला. बादलीत टाकीचंच पाणी, वर सिलिंगच्या दिव्याला लावतात ती प्लास्टिकची जाळी, जाळीवर दगड, भोक खाली. बादलीत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकून ठेवायचा. घरातल्या मुलाला खालच्या दुकानातून साधा सोडा आणायला पाठवलं. लिंबू, साखर, मसाला काही नको, निव्वळ सोडा. सिरिंजने थोडासा भोकात सोडला की कार्बन डायऑक्साइडमुळे आतला प्राणी बाहेर येतो. आला. टपकन पाण्यात पडला, बादलीला दोन ठोके दिले आणि अंधार दिसला तसा थेट पाइपमध्ये शिरला. दोन्ही टोकांना जाळी धरून पाइपसकट डब्यात घातला. हाताने पकडायचा प्रश्नच नाही. या प्राण्याला इंग्रजीत अंगठाफाड्या अशा अर्थाचं टोपणनाव आहे आणि ते उगाच पडलेलं नाही. दगडावरचे झोआ आणि मशरूम कोरल अर्ध्या दिवसात पुन्हा उघडले, एकही पॉलिप गेला नाही. या कामाचा मला अभिमान आहे.

मग प्रश्न आला, याचं करायचं काय. काका म्हणाले मारून टाका. वहिनी म्हणाल्या खाडीत सोडून द्या. ठाण्याची खाडी आपल्याला समुद्र वाटते, पण ती चिखलाची, पावसाळ्यात खारटपणा उतरणारी, प्रवाळाच्या प्राण्याला तिथे दिवस काढणं अशक्य. आणि तगला असता तर तेही वाईट. घरच्या टाकीतला कुठलाही जीव, कुठलंही पाणी, दगड, वाळू बाहेरच्या पाण्यात सोडायची नाही. यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

मी तिसरा मार्ग सुचवला होता. मासे दुसऱ्या कुणाला द्या आणि ही टाकी त्याचीच असू द्या. मँटिस कोरलला खात नाही. झोआ, मशरूम, लेदर, स्टार पॉलिप सगळं त्याच्याबरोबर वाढतं. दगड तळाच्या काचेवर पक्के बसवायचे, कारण तो खणतो. फ्रॅग, म्हणजे कोरलचे छोटे तुकडे, सुटे ठेवायचे नाहीत, पुट्टीने चिकटवायचे. तांब्याचं औषध चुकूनही नाही. काच फोडेल ही भीती मोठ्या मोर-मँटिसच्या बाबतीत खरी धरावी, दोन इंचाच्या स्मिथीपुढे १२ मिलिमीटरची काच भक्कम आहे. मुलगा ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर आला होता. “ताई, तो मला ओळखायला लागेल?” त्याने विचारलं. भोकाबाहेर येऊन समोरच्याला डोळे लावून बघणारा प्राणी आहे, जेवण देणाऱ्या हाताची सवय त्याला होते, हे मी सांगितलं. काकांनी विषय तोडला. पाहुण्यांना दाखवायला रंगीत मासे हवेत.

त्याच पाहुण्यांसाठी त्यांना मागे अ‍ॅक्रोपोरा हे हार्ड कोरल हवं होतं. हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत, असं सांगून मी तेव्हा नकार दिला होता. समुद्रातून उचललेल्या दगडांचंही मला पटत नाही. मी उभ्या केलेल्या टाक्यांत लाइव्ह रॉक नसतो, घडवलेले कोरडे दगड असतात. त्यात जीव यायला वेळ लागतो आणि ग्राहक कुरकुरतात, तो वेळ द्यायलाच हवा.

मँटिस आता माझ्या वर्कशॉपमध्ये आहे, जाड अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या टाकीत. ठाण्याच्या मच्छीमार्केटमधून जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) आणते, मिठाच्या पाण्यात धुऊन एकेक देते. तो ती पाइपच्या दारात ओढतो, दोन-तीनदा फिरवून जागा ठरवतो आणि मग सुरू होतो. मध्ये काही दिवस त्याने दगडगोटे लावून दार बंद केलं होतं. कात टाकायची असली की ते असं करतात, कारण नवं कवच आणि नवा हातोडा कडक होईपर्यंत तो कुणाशी लढू शकत नाही. दार उघडलं तेव्हा हिरवा रंग पहिल्यापेक्षा उजळ होता. मी व्हिडिओ वहिनींच्या फोनवर पाठवला. मुलाने उलट दहा प्रश्न पाठवले, सगळे चांगले.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. आणखी एक क्रोमिस दिसत नाहीये, दगडात दुसरा मँटिस असणार, सगळे दगड काढा. आजींना आवाज येतो का, मी विचारलं. नाही येत. वाळूत शंखाचे तुकडे? नाहीत. नवीन सोडलेल्या टर्बो? सगळ्या काचेवर फिरतायत. मग दगड काढणार नाही, मी म्हटलं. त्या दगडांवर दोन वर्षांचं कोरल आहे. आधी जाळीचं झाकण बसवा, उरलेल्या दोन क्रोमिसपैकी दुबळा वेगळा काढू, त्याला वेगळं खायला घालू. ते म्हणाले, बघतो. काल माझा मदतनीस पाणी बदलायला गेला होता. झाकण अजून बाल्कनीतच आहे.