गादीची पाठवणी

नवी गादी आली ती लोडासारखी गुंडाळून. प्लास्टिक कापल्यावर फुसकन फुगली आणि पलंगावर बसली. जुनी मात्र तेवीस दिवस जिन्यात भिंतीला टेकून उभी. काथ्याची, माझ्या बाजूला पंधरा वर्षांचा खड्डा पडलेली. शेजाऱ्यांना रोज आपला खड्डा दाखवणं बरं वाटत नाही.

भंगारवाल्याने चिमटीत कोपरा धरून पाहिला. "स्प्रिंगची असती तर लोखंडाचे पैसे दिले असते, साहेब."

नारायण पेठेतल्या वाड्यात हा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात पिंजारी यायचा. धनुकलीची तात टँव-टँव वाजायला लागली की आम्ही पोरं नाकातोंडात कापूस जाईपर्यंत तिथेच. गाठी झालेला कापूस तासाभरात ढगासारखा फुलायचा. खोळ धुऊन पुन्हा भरायची, दाभणाने टाके घालायचे. फार विटली की त्याच कापसाची लहान गादी, मग उश्या, आणि खोळीचं पायपुसणं. आजोबांच्या गादीतला कापूस माझ्या पाळण्यात होता, असं आई सांगते. (खरं असावं, आमच्याकडे काहीच टाकत नसत.)

आता काथ्या रबराच्या चिकाने घट्ट केलेला, त्यावर फोम, त्यावर चिकटवलेलं कापड. एकातून दुसरं सुटेल तर शपथ! फोमचा चुरा करून, दाबून पुन्हा ठोकळे बनतात. पण त्यासाठी तो कोरडा आणि स्वच्छ मिळायला हवा. आंबिल ओढ्याच्या पुलावरून वाकून बघितलं, की भिजून फुगलेली एखादी गादी दिसतेच.

कचरावेचक बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना विचारणार होतो, पण त्यांची ढकलगाडी आणि माझी सहा बाय पाच बघून गप्प बसलो. त्याच म्हणाल्या, "दादा, फाडा की. अख्खी कोण उचलंल?"

रविवारी गच्चीवर कटर घेऊन बसलो. दोन पाती मोडली. थोडा काथ्या कुंड्यांच्या तळाशी गेला, बाकीचा फोम-कापडाबरोबर पोत्यांत भरून मावशींसाठी ठेवला. खड्ड्याचा तुकडा वॉचमनने मागून घेतला. संध्याकाळी गेटपाशी पाहिलं, सोसायटीचं काळं कुत्रं बरोबर माझ्या खड्ड्यात, माझ्यासारखंच डाव्या कुशीवर झोपलं होतं.