चीअरच्या पॅकेटवर सही करण्याआधी

दरवर्षी मे महिना आला की इथल्या मराठी आयांचे फोन सुरू होतात. "तुझी लेक चीअरला जाते ना? आमच्याकडेही हट्ट चाललाय. काय काय लागतं गं त्याला?" मागच्या आठवड्यात असे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी पाऊण-पाऊण तास बोलत बसले. म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोत राहतो. लेक दहा वर्षांची आहे, तिचे दोन सीझन झालेत आणि तिसऱ्यासाठी सोमवारी इव्हॅल्युएशन, म्हणजे टीम ठरवायची चाचणी, आहे.

पुण्याच्या मावशीला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती फोनवर गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते आयपीएलमध्ये चौकार गेला की नाचतात, तसलं?" तिचा दोष नाही. आपल्याकडे 2008 पासून चीअरलीडर म्हणजे तेवढंच दिसलं. माझी लेक करते ते ऑल-स्टार चीअर, म्हणजे खासगी जिममधलं स्पर्धांचं चीअर. त्यात मुली कुणासाठीच ओरडत नाहीत, त्या स्वतःच स्पर्धेत उतरलेल्या असतात. 54 बाय 42 फुटांचा स्प्रिंगचा फ्लोअर आणि अडीच मिनिटांचं रूटीन. त्यात टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या), उड्या, स्टंट (एकीला बाकीच्यांनी हातांवर उचलून धरणं), पिरॅमिड आणि शेवटी नाच. खरं तर याची सुरुवात पुरुषांनी केली. 2 नोव्हेंबर 1898 रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीपुढे उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका तालात आरोळ्या देववल्या. मुली यात आल्या 1920 च्या दशकात. आणि 2021 मध्ये ऑलिंपिक समितीने या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. एवढं सांगितल्यावर मावशी म्हणाली, "मग खेळच की हा." हो, खेळच. म्हणूनच त्याचे नियम खेळाचे आहेत, हौशी वर्गाचे नाहीत, आणि नेमकं हेच आम्हाला पहिल्या वर्षी उमगलं नव्हतं.

नाव घालायला गेलं की जिमवाले एक पॅकेट, म्हणजे नियम-अटींचा जुडगा, हातात देतात. आमचं बावीस पानांचं होतं. मी किती पैसे आणि कधी भरायचे तेवढी दोन पानं वाचली, नवऱ्याने सही केली आणि आम्ही घरी आलो. बाकीची वीस पानं आम्ही नोव्हेंबरात वाचली. त्याचं कारण पुढे सांगते.

इव्हॅल्युएशनलाच ट्रायआउटही म्हणतात. तो शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. बहुतेक जिममध्ये लहान मुलींना कुणी घरी पाठवत नाही, कोणत्या टीममध्ये बसवायचं एवढंच पाहतात. वयोगट टाइनी, मिनी, यूथ, ज्युनियर, सिनियर असे चढत जातात. शाळेतली इयत्ता तिथे मोजत नाहीत, जन्मतारीख मोजतात, म्हणून जन्मदाखल्याची प्रत लागते. लेव्हल एक ते सात. पहिल्या लेव्हलला कोलांटी, कार्टव्हील, राउंडऑफ, वॉकओव्हर. बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून उलटून पायांवर येणं, दुसऱ्या लेव्हलपासून. आणि इथेच आपले आई-वडील अडकतात. पोरीला बॅक हँडस्प्रिंग जमली तरी तिला लेव्हल एकलाच का ठेवली? मीही हा प्रश्न विचारलाय, तोही चढ्या आवाजात. कोचने मला काचेपाशी नेलं आणि म्हणाली, तिच्या कोपरांकडे बघा. दहा वेळांपैकी चार वेळा लेकीचे कोपर वाकत होते आणि डोकं मॅटच्या जवळ जात होतं. एकदा जमणं वेगळं आणि दमलेली असताना, रूटीनच्या दोन मिनिटांनंतर जमणं वेगळं. लेव्हल कमी मिळाली म्हणून कुणाची मुलगी मागे पडत नाही. मान मात्र एकच असते.

अंगावर काय घालायचं आणि काय नाही, हा भाग सगळ्यांना किरकोळ वाटतो. आमचा पहिलाच दिवस त्यात गेला. दागिना कुठलाही चालत नाही, वर टेप लावूनही नाही. लेकीच्या कानांत माझ्या आईने दिलेल्या सोन्याच्या इवल्याशा कुड्या होत्या. कान टोचले तेव्हापासून त्या क्वचितच निघाल्या असतील. कोचने तिला मॅटवरून बाहेर पाठवलं. आम्ही दोघी गाडीत बसलो. फिरक्या इतक्या घट्ट बसलेल्या की माझी बोटं घसरत होती. शेवटी हँड सॅनिटायझरचा थेंब सोडून, रुमालात धरून, एक-एक आटा सोडवत काढल्या. उजवी निघाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखत होतं म्हणून नाही, वॉर्मअप संपत आला होता म्हणून. मला राग आला होता. एवढ्याशा कुडीने काय होणार आहे? त्याच महिन्यात एका मुलीचा पाय वरून निसटला आणि खाली येताना तिचा हात तिला खालून धरणाऱ्या मुलीच्या कानावरून खसकन घासत गेला. त्या कानात काही असतं तर पाळ फाटली असती. तेव्हापासून मी त्या नियमाबद्दल एक अक्षर बोलले नाही. नखांचंही तसंच. तळहात आपल्याकडे करून बघायचं, बोटापलीकडे नख दिसलं तर कापायचं. ज्यांना मुलीचे कान टोचायचेत त्यांनी सीझन संपल्या संपल्या टोचावेत. जखम भरायला आठवडे जातात आणि मध्येच कानातलं काढून ठेवता येत नाही.

आता हजेरी. फोनवर माझी खरी पाऊण तासाची बडबड असते ती हीच.

लेक बेस आहे. स्टंट ग्रुपमध्ये चौघी असतात. वर जाते ती फ्लायर, तिचा एकेक पाय धरणाऱ्या दोन बेस, आणि मागे उभी राहून घोटे धरणारी, मोजणी करणारी बॅकस्पॉट. बेसचं काम कुणाला दिसत नाही. फोटोत सगळ्यांची नजर वर हसणाऱ्या मुलीकडे जाते. पण जवळून बघा. लेकीचा एक हात बुटाच्या टाचेखाली, दुसरा चवड्याखाली, कोपर बरगड्यांना टेकलेले, गुडघे वाकलेले, आणि डोळे सतत वर, फ्लायरच्या कमरेवर. खाली बघायचं नाही. वजन हातांनी नाही, पायांनी उचलायचं. पहिल्या वर्षी ती घरी कणकेची दहा पौंडांची पिशवी छातीशी धरून, 'एक-दोन डिप, तीन-चार वर' असं मोजत स्वयंपाकघरात उभी असायची. तिची मनगटं सोमवार-बुधवारी रात्री लाल झालेली असत.

आमच्या पॅकेटात अकराव्या पानावर लिहिलं होतं की स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे एकही सराव चुकवायचा नाही, फक्त ताप-उलटी किंवा घरातला मृत्यू एवढेच अपवाद. पहिली स्पर्धा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याआधीच्या शनिवारी, त्यात लेकीचा नाच. त्या शनिवारी जादा सराव ठेवला होता. मी कोचला मेसेज टाकला, आमचा सण आहे, ती येणार नाही. उत्तराची वाट न बघता तिला नऊवारी नेसवली.

सोमवारी ती सरावाला गेली, तर तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. पहिल्या स्पर्धेत लेक पिरॅमिडच्या वेळी मागच्या रांगेत हात वर करून उभी राहिली, बस्स. त्यातही कोचने हे सगळ्या मुलींसमोर तिला सांगितलं, आम्हाला आधी फोन नाही, काही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला असं सांगणं चूकच होतं, हे मी आजही म्हणते, आणि नंतर कोचला भेटून तोंडावरही म्हटलं. घरी आल्यावर मी जिम सोडायच्या गोष्टी करत होते. आबा, माझे वडील, तेव्हा ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. ते आत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "दादाच्या पथकात काय व्हायचं आठवतंय का तुला?"

माझा दादा दहा वर्षं गोविंदा पथकात होता, खालच्या थराला. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की सराव सुरू. ऑफिसातून थेट मैदानात, पाऊस असो नसो. एकदा आत्याकडच्या साखरपुड्यासाठी तो एक रात्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी पथकाचे काका घरी आले. ओरडले नाहीत. आईने दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, काल तुझ्याविना थर लावले नाहीत, सत्तर पोरं घरी गेली. दादा मान खाली घालून उभा होता, ते मला आजही दिसतं.

"मग तुझ्या पोरीच्या त्या बाकीच्या तिघी," आबा म्हणाले, "शनिवारी काय करत होत्या?"

हे मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री फ्लायरच्या आईला फोन केला. ती चांगली बाई आहे, तक्रार तिने केली नाही, विचारलं म्हणून सांगितलं. तिघी दोन तास मॅटच्या कडेला बसून होत्या. एका बाजूला बेस नाही तर वर चढवणार कुणाला? तिची मुलगी गाडीत रडली होती. तिच्या आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस त्याच दुपारी होता आणि तो सोडून ती आली होती.

तेव्हा आम्ही उरलेली वीस पानं वाचली.

म्हणून सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. सही करण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि मुलीलाही शेजारी बसवा. सीझन मे-जूनपासून पुढच्या एप्रिल-मेपर्यंत चालतो. ऑगस्टच्या आसपास कोरिओग्राफीचं शिबिर असतं, त्यात प्रत्येकीची जागा ठरते. नेमके तेव्हाच आपण भारतात असतो किंवा घरी गणपती बसलेले असतात. भारताची तिकिटं जूनची काढा, शाळा सुटली की लगेच निघा आणि जुलैत परत या. डिसेंबरातलं लग्न असेल तर ते आधी लिहून द्या, सीझन सुरू झाल्यावर नाही. दिवाळीची तारीखही मे महिन्यातच लिहून द्या. मी दुसऱ्या वर्षी दिली, तर त्यांनी जादा सराव रविवारी ठेवला. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांना माहीत नव्हतं. रविवारची मराठी शाळा मात्र आमची महिन्यातून दोनदा बुडते. त्याचं मला वाईट वाटतं आणि त्यावर तोडगा अजून सापडलेला नाही. आबा व्हिडिओ कॉलवर शुद्धलेखन घेतात, तेवढंच.

पैशांचं थोडक्यात. महिन्याच्या फीचा आकडा बघून हिशेब करू नका. युनिफॉर्म, बूट, कोरिओग्राफी, संगीत, स्पर्धांच्या फी, बाहेरगावी हॉटेल हे सगळं वेगळं असतं, आणि काही स्पर्धांना त्यांच्याच यादीतलं हॉटेल घ्यावं लागतं. आमचे पहिल्या वर्षी साडेचार हजार डॉलरच्या आसपास गेले. मध्येच सोडलं तर सहसा परत काही मिळत नाही. एखादीचं हाड मोडलं तरी फी चालू ठेवायची, हे कलम मला अन्यायाचं वाटतं. ते तुमच्या पॅकेटात असेल तर सहीआधी बोला. आमच्या जिमने शेवटी निम्म्यावर आणलं.

आई-वडिलांसाठीही नियम असतात. काचेबाहेरून खुणा करायच्या नाहीत, स्पर्धेच्या दिवशी कोचशी वाद घालायचा नाही, चोवीस तास थांबायचं, परीक्षकांकडे तर जायचंच नाही. दुसऱ्यांच्या मुलींचे व्हिडिओ न विचारता टाकायचे नाहीत. हे सगळं मला पटतं. चोवीस तासांनी माझे निम्मे मुद्दे मलाच बोलावेसे वाटत नाहीत.

पण पॅकेटात एक गोष्ट नसेल तर सरळ उठून या. मोठं माणूस मुलीबरोबर एकटं, बंद दाराआड असणार नाही, आणि कोच मुलीला एकटीला मेसेज करणार नाही, आई किंवा बाबा त्यात असतीलच. हे लिहिलेलं हवं. जिम्नॅस्टिक्समध्ये लॅरी नासार नावाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं शेकडो मुलींवर अत्याचार केले. ते उघड झाल्यावर 2018 मध्ये इथे सेफस्पोर्टचा, म्हणजे खेळाडू मुलांना अत्याचारापासून वाचवण्यासाठीचा, कायदा आला. त्या मुलींच्या आयाही बाहेर बाकावर बसलेल्या असायच्या, काही तर त्याच खोलीत. आपल्याकडे कोच म्हणजे गुरू, त्यांना काय विचारायचं, असं मनात येतं. विचारा. आमच्या कोचने हा प्रश्न ऐकल्यावर लगेच कागद काढून दाखवला आणि म्हणाली, सगळ्यांनी विचारायला हवं.

परवा आमचं तिसऱ्या वर्षाचं पॅकेट आलं. लेकीने ते आधी स्वतः वाचलं, पेन्सिल घेऊन. मग फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गणपती, दिवाळी आणि स्पर्धांच्या आधीचे दोन-दोन आठवडे रंगवले. त्या रंगवलेल्या प्रत्येक पट्ट्यात तिने बारीक अक्षरांत चार आद्याक्षरं लिहिली आहेत, तिचं शेवटी.

कुड्या काल रात्रीच काढल्या. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवल्यात, फिरक्या लावूनच.