वांद्र्यातले प्लेगचे क्रूस

वांद्र्याच्या रणवार, शेर्ली, राजन, चिंबई या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी किंवा एखाद्या घराच्या कुंपणाला लागून पांढरा रंगवलेला क्रूस दिसला, की आजकाल कोणीही ‘हा प्लेगचा क्रूस’ असे सांगून मोकळा होतो. हेरिटेज वॉक घेणाऱ्या मंडळींनी हा शब्द जरा जास्तच स्वस्त केला आहे. या परिसरात क्रूस उभारण्याची चाल पोर्तुगीज अमलापासूनची आहे. काही क्रूस कुटुंबाच्या नवसाचे, तर काही पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस प्लेगच्या निमित्ताने उभे राहिले ते त्यांतले काही, आणि मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते एवढेच.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, तेव्हा मुंबईत खळबळ उडाली. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर गाव गाठायला निघाले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या वाढायची सोडून १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली, यावरून त्या दशकाची कल्पना यावी. उंदरावरच्या पिसवांतून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवले, पण तोवर सरकारी इलाज म्हणजे गटारांत कार्बोलिक, भिंतींना चुना आणि उजेड आत यावा म्हणून उचकटलेली कौले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरे रंगवली जात. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतलेली लस हळूहळू पसरली. मात्र प्लेगच्या अधिकाऱ्यांविषयीचा राग त्याहून वेगाने पसरला होता, आणि पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती राणीच्या हीरक महोत्सवाच्याच रात्री.

वांद्रे तेव्हा मुंबई शहरात नव्हते; ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात मोडत होते, पण माहीमची खाडी ओलांडली की आलेच. इथले मूळ रहिवासी म्हणजे मराठी बोलणारे कॅथलिक, शेतकरी आणि कोळी. त्यांच्यातल्या शिकलेल्या मंडळींनी १८८७ मध्ये, राणीच्या सुवर्ण महोत्सवाच्या वर्षी, गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. दहा वर्षांच्या आत याच समाजाच्या दारात प्लेग आला. सेबास्तियन हा शतकानुशतके महामारीपासून राखणारा संत मानला गेलेला, त्यामुळे त्याचा धावा झाला. पाखाडीपाखाडीने, म्हणजे गावठाणातल्या एकेका छोट्या वस्तीने, वर्गणी काढून क्रूस उभारले गेले, काही ‘आमची पाखाडी राख’ म्हणून आणि काही रोग ओसरल्यावर कृतज्ञतेने. माझ्या मते शहरातल्या त्या संकटाचे सामान्य माणसांनी स्वतःच्या खर्चाने केलेले स्मारक म्हणून दाखवता येईल असे फारसे दुसरे काही नाही. सरकारी बाजूने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने रुंद रस्ते काढले, पण ते काही मेलेल्यांच्या आठवणीसाठी नव्हते.

यातला एखादा क्रूस जवळून पाहावा. चौथरा पायऱ्यापायऱ्यांचा, दर्शनी बाजूला मेणबत्तीसाठी कोनाडा, त्याच्या वरच्या कडेला काजळीची पट्टी आणि खाली गोठलेल्या मेणाचे थर. कोनाड्याखाली साल कोरलेले असते. परंतु दरवर्षी सणाआधी रंगाचा हात फिरतो आणि ऑइलपेंट अक्षरांच्या खाचांत इतका भरतो, की सात आणि एक यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, बोट फिरवून पाहावे लागते. मे महिन्यात संध्याकाळी शेजारपाजारचे लोक इथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला जमतात. ज्या कुटुंबाच्या पणजोबांनी वर्गणी दिली ते वसई-विरारकडे राहायला गेले असले, तरी रोझरीला त्यांच्यातले कोणीतरी येतेच.

सार्वजनिक रस्त्यांवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आदेश दिल्यानंतर या क्रुसांपुढे निराळाच प्रश्न आला. २०१७ मध्ये बाजार रोडवरचा एक क्रूस महापालिकेने पाडला. तो शंभर वर्षांहून जुना आणि खासगी जागेत होता असे रहिवाशांचे म्हणणे होते, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. रस्ता आधीचा की क्रूस आधीचा, हे गावठाणात ठरवणे अवघड असते, कारण पायवाटेचा रस्ता झाला आणि रस्ता रुंद झाला तेव्हा क्रूस होता तिथेच राहिला. अशा वादात दगडावर कोरलेले साल हा सर्वांत सोपा पुरावा ठरतो. म्हणून रंगाचे जुने थर हलक्या हाताने काढून प्रत्येक चौथऱ्यावरचा मजकूर उतरवून घ्यावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि नकाशावर जागा नोंदवावी, असे मी तिथल्या ओळखीच्यांना सुचवत असतो. त्यावर एका काकूंनी मला ऐकवले, की रंग खरवडायला हरकत नाही, पण सणाच्या आधी परत रंगवून द्यायची जबाबदारी तुमची.