अक्कलदाढ काढली, आणि गोळी खिशातच राहिली

खालची अक्कलदाढ आडवी उगवलेली. आंबा उतरेपर्यंत ढकलत नेली आणि जूनच्या पहिल्या पावसात देवगडहून एसटीने कणकवली गाठली. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून, तीन टाके. जबडा बधिर असल्याने नुसती करकर ऐकू आली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बधिरपणा उतरायच्या आत पहिला डोस पोटात जाऊ दे. दूध पिऊन घ्या, उपाशीपोटी नको." आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ६५०, दोन्ही एकदम. दोन कशाला, असं विचारलं, तर म्हणाल्या, आयबुप्रोफेन जखमेपाशी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारी रसायनं, अडवतं, सूजही आवरतं. पॅरासिटामॉल बरंचसं मेंदूकडून काम करतं. अक्कलदाढेच्या दुखण्यावर ही जोडी एकेकट्या गोळीपेक्षा सरस ठरते, ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या गोतावळ्यातल्या गोळ्या सहसा लागतच नाहीत.

मी शहाणा. दुखत तर नाहीये, ओठ वाकडा, दूध कोण पिणार! घरी जाऊन पेज पिऊन घेऊ म्हटलं. शिरगाव मागे पडलं आणि ठणका सुरू झाला. जामसंडे येईपर्यंत डोळ्यांतून पाणी. घरी गोळ्या घेतल्या, पण असर यायला पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास मी ओटीवर येरझारा घालून काढला.

दुसऱ्या दिवशी आयबुप्रोफेनने पोटात जळजळ नको म्हणून नुसत्या पॅरासिटामॉलवर भागवून पाहिलं. ठणका बोथट झाला, पण गाल पुरीसारखा फुगलेलाच. संध्याकाळी जेवणानंतर पुन्हा जोडी सुरू केली.

तेवढ्यात शेजारच्या काकी आपली गुडघ्याची गोळी घेऊन हजर. "ही घे रे, माझो गुडघो हिच्यानंच चलता." वीज गेलेली, टॉर्च लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली: डायक्लोफेनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे आयबुप्रोफेनचीच चुलत बहीण, वर पॅरासिटामॉल दुसऱ्यांदा. एका जातीच्या दोन गोळ्यांनी आराम दुप्पट होत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढतो. काकी स्वतः रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, म्हणजे ही रोजची गोळी त्यांनीच डॉक्टरला दाखवायला हवी. तसं म्हटलं, तर रागावल्या.

चौथ्या दिवशी आयबुप्रोफेन सुटलं. पाचव्या दिवशी आईने सुक्या बांगड्याची किसमूर केली. मासेमारी बंद, ताजं कुठलं मिळणार! डाव्या बाजूने, हळूहळू, सगळी संपवली.